नळीच्या तोंडाशी

मटियाब्रुजच्या घाटावरून होडीत बसलं की हुगळीच्या पलीकडे झाडांची लांबलचक हिरवी भिंत दिसते. ते शिवपूरचं बोटॅनिकल गार्डन. अलीकडच्या काठाला गार्डन रीच आहे. तिथे गोदामं आहेत, क्रेन आहेत, दक्षिण-पूर्व रेल्वेचं मुख्यालय आहे. लखनौचं राज्य गेल्यावर इथे येऊन राहिलेल्या नवाब वाजिद अली शहाच्या वस्तीच्या खुणा आहेत, शिंप्यांच्या गल्ल्यांतली शिलाई यंत्रांची न थांबणारी घरघर आहे, आणि नदीला लागून युद्धनौका बांधणारा कारखाना आहे. तारेच्या वेटोळ्यांतलं चुंबकीय क्षेत्र कसं मोजायचं, एवढ्याशा विषयावरच्या मराठी पुस्तकाची प्रस्तावना कोलकात्याच्या नदीकाठावरून सुरू व्हावी याचं वाचकाला नवल वाटेल. पण हा विषय मला खऱ्या अर्थाने कळला तो याच काठावर, आणि तोही एका फजितीतून.

आधी फजितीच सांगतो. नदीजवळच्या एका लहानशा वर्कशॉपात माझं येणं-जाणं होतं. तिथे एकदा लोखंडी दांडी आत ओढून घेणारी कॉइल हवी होती. जागा अपुरी, म्हणून कॉइल आखूड आणि जाडी केली: लांबी जेवढी, तेवढाच व्यास. मी कागद काढला आणि बारावीपासून पाठ असलेलं सूत्र मांडलं. म्यू-नॉट गुणिले दर मीटरमधले वेढे गुणिले प्रवाह. आकडा छान आला. कॉइल गुंडाळली, प्रवाह सोडला. दांडी जरा हलली आणि तिथेच थांबली. वाइंडिंग करणारे मिस्त्री वयाने माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे होते. त्यांनी कॉइल उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "साहब, बीच का हिसाब तो ठीक है, मुँह का बोलिए."

मधलाही हिशोब ठीक नव्हता, हे घरी जाऊन कागद पुन्हा मांडल्यावर कळलं. पण मिस्त्रींचं बोट बरोबर जागी पडलं होतं. हे सबंध पुस्तक त्या एका वाक्याचं उत्तर आहे, असं म्हटलं तरी चालेल.

शाळेच्या पुस्तकात सोलेनॉइडला 'नालकुंतल' म्हणतात. शब्द देखणा आहे. कुंतल म्हणजे केस, नळीवर वळवलेली बट डोळ्यांपुढे येते. मूळ शब्द अँपिअरने ग्रीकमधल्या नळीवरून घडवला. वर्कशॉपात मात्र कोणी नालकुंतल म्हणत नाही, सगळे कॉइलच म्हणतात. या पुस्तकात मी दोन्ही शब्द वापरले आहेत आणि त्याबद्दल कोणाची माफी मागण्याची मला गरज वाटत नाही. अडचण शब्दाची नाहीच. पुस्तकातली आकृती नेमकी अशी असते: आत समांतर रेषा, बाहेर जवळपास काही नाही, आणि खाली एक ओळ, 'नालकुंतल अनंत लांबीचे आहे असे मानू'. अनंत लांबीचं मानलं की तोंडच उरत नाही. तोंड नसलं की बाहेरही काही उरत नाही. परीक्षेत हे खपून जातं. कॉइल बनवणाऱ्याचं काम मात्र बहुतेक वेळा तोंडाशी किंवा तोंडाबाहेरच असतं.

एक नळी समोर घेऊ, कारण हवेत बोलून काही होत नाही. प्लंबिंगच्या दुकानात मिळणारी पीव्हीसीची नळी घ्या, बाहेरून चार सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर २० गेजची इनॅमलची तांब्याची तार शेजारी शेजारी, वेढ्याला वेढा लावून, तीस सेंटिमीटरपर्यंत गुंडाळा. साधारण तीनशे वेढे बसतात. तार जवळजवळ अडतीस मीटर लागते आणि तिचा रोध एक ओहमच्या आसपास भरतो. म्हणजे दोन व्होल्ट लावले की दोन अँपिअर वाहतात. हात लावला तर कोमट लागेल, चटका बसणार नाही. अनंत लांबीच्या सूत्राने आतलं क्षेत्र येतं २.५१ मिलिटेस्ला.

आता खरा हिशोब. नळी मधोमध उभी चिरली आहे असं समजा. समोर एक लांबट आयत येईल. त्या आयताची लांबी भागिले कर्ण, या गुणोत्तराने अनंताच्या आकड्याला गुणलं की नळीच्या मध्यबिंदूवरचं क्षेत्र मिळतं. बस्स, एवढंच. आमच्या नळीसाठी हे गुणोत्तर ०.९९ आहे, म्हणून २.५१च्या जागी २.४९, फरक नावापुरता. लांबी व्यासाच्या सातपट असली की चूक एक टक्क्यावर येते, हा आडाखा लक्षात ठेवण्यासारखा आहे. माझ्या त्या आखूड कॉइलमध्ये लांबी आणि व्यास सारखेच होते. आयताचा झाला चौरस, आणि चौरसाची बाजू कर्णाच्या ०.७१ पट असते. प्रत्यक्षात ७१ मिळणार होते तिथे मी शंभर धरून बसलो होतो. दांडी का थांबली, याचं निम्मं उत्तर या चौरसात आहे.

उरलेलं निम्मं तोंडाशी. लांब नळीच्या अगदी तोंडावर क्षेत्र मध्याच्या निम्मं होतं. हे पटवायला गणित लागत नाही. एक लांब नळी मध्ये कापून दोन केल्या असं मनात आणा. कापण्याआधी त्या जागेवर पूर्ण क्षेत्र होतं, आणि ते डाव्या-उजव्या भागांनी सारखंच दिलेलं होतं. एक भाग उचलून नेला की निम्मं उरणारच. आमच्या नळीच्या तोंडाशी १.२५ मिलिटेस्ला येतं. त्याच्या पुढे उतार असा तीव्र आहे की पहिल्यांदा आकडे काढणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. तोंडापासून अक्षावर दहा सेंटिमीटरवर उरतात फक्त २३ मायक्रोटेस्ला, म्हणजे मध्यावरच्या क्षेत्राचा शंभरावा भागही नाही. तीस सेंटिमीटरवर दोन मायक्रोटेस्ला. आणखी लांब गेलं की नळी, तिची लांबी, तिचे वेढे सगळं विसरून जावं. दुरून ती एक छोटी चुंबकपट्टी असते, आणि अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठवा हिस्सा होतं.

कुशीला, म्हणजे नळीच्या बाजूला काय? आकृतीत तिथे कोरं असतं. आमच्या नळीच्या मध्याशी, अक्षापासून आडवं दहा सेंटिमीटरवर, सुमारे १३ मायक्रोटेस्ला असतात आणि त्यांची दिशा आतल्या क्षेत्राच्या उलटी असते. आतून एका तोंडाने बाहेर पडलेल्या रेषा दुसऱ्या तोंडाने घरी परततात, त्या वाटेत भेटलेलं हे क्षेत्र. इथे आणखी एक खोच आहे, ती पुस्तकं सहसा सांगत नाहीत. तार गोल गोल फिरते खरी, पण ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतेही. म्हणजे सगळी नळी मिळून दोन अँपिअरची एक सरळ तारही असते, आणि तिचं स्वतःचं क्षेत्र नळीभोवती कडं करून राहतं. दहा सेंटिमीटरवर ते जवळपास चार मायक्रोटेस्ला भरतं. तेही नको असेल तर एकाच थरावर थांबू नका. दुसरा थर परत पहिल्या टोकाकडे आणत गुंडाळा, सरकणं फिटतं. मिस्त्री लोक थर नेहमी जोडीने गुंडाळतात. का, ते विचारलं तर म्हणतात दोन्ही टोकं एकाच बाजूला मिळतात, जोडायला सोपं. कारण वेगळं, फायदा दुहेरी.

आता पुन्हा नदीवर.

१८३९ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातल्या एका आयरिश प्राध्यापकाने समोरच्या त्या बोटॅनिकल गार्डनच्या परिसरात बांबूंवर लोखंडी तार चढवली, तिचा एक भाग हुगळीच्या पाण्याखालून नेला, आणि तारेतून संदेश जातो का ते पाहिलं. त्याचं नाव विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी. (गांजाच्या औषधी गुणांची माहिती पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडणारा तो हाच, आणि तेही त्याच सुमारास. माणसाच्या दिवसाला तास किती होते कोण जाणे.) पुढे १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारयंत्राची लाइन सुरू झाली. त्या कामात शिवचंद्र नंदी त्याच्या जोडीला होते. संदेश वाचायला ओ'शॉनेसीने वापरलं ते उपकरण म्हणजे तारेची एक कॉइल आणि तिच्यातली हलकी चुंबकसुई: प्रवाह एका दिशेने गेला की सुई डावीकडे, उलट गेला की उजवीकडे. नदीचा ओलावा तारेतला प्रवाह खाऊन टाकायचा. शेवटच्या टोकाला जो काही क्षीण प्रवाह पोचेल, त्याला वेढ्यांच्या संख्येने गुणून सुईला हलवायचं, हे त्या कॉइलचं काम. आपल्या सूत्रातल्या 'दर मीटरमधले वेढे' या पदाने हिंदुस्थानची पहिली तार वाचली ती या पाण्याच्या काठावर. त्या उपकरणात काम वेटोळ्याच्या आतलं होतं, तोंडाबाहेर काय चाललंय याची पंचाईत नव्हती.

गार्डन रीचच्या बाजूला मात्र सगळा मामला बाहेरचा.

तिथला कारखाना १८८४ सालापासूनचा. १९६० मध्ये तो सरकारने घेतला आणि पुढच्याच वर्षी तिथे बांधलेली 'अजय' नौदलाला मिळाली. स्वतंत्र भारतात बांधलेली ती पहिली युद्धनौका. २०१९ मध्ये गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनिअर्सने शंभरावी युद्धनौका सुपूर्द केली. यातली प्रत्येक पोलादी नौका, कोणी मुद्दाम काही न करता, चुंबक होते. पोलादाचे पत्रे महिनोन्महिने एकाच दिशेला तोंड करून पडलेले असतात, त्यांवर ठोकाठोकी होते, वेल्डिंग होतं, आणि पृथ्वीचं क्षेत्र तेवढ्या काळात आपली सही त्यांवर उमटवून जातं. बांधताना नौकेचं नाक कुठल्या दिशेला होतं, हे तिच्या चुंबकत्वावरून ओळखता येतं. १८३८ मध्ये 'रेनबो' या लोखंडी जहाजावर होकायंत्राची चूक दुरुस्त करताना खगोलशास्त्रज्ञ एअरीने या कोड्याशी झटापट केली होती. तेव्हा प्रश्न फक्त होकायंत्राचा होता. १९३९च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या शूबरीनेसच्या चिखलात एक जर्मन सुरुंग अखंड सापडला, आणि तो उघडल्यावर कळलं की नौकेचा स्पर्शही नको, वरून जाणाऱ्या पोलादाने क्षेत्रात केलेला बदल त्याला पुरतो. तेव्हापासून हा प्रश्न जिवाचा झाला. सुरुंग नळीच्या आत नसतो. तो बाहेर असतो, खाली, समुद्राच्या तळाशी.

त्यावर काढलेला उपाय म्हणजे नौकेच्या अंगावर कॉइली चढवणं. चार्ल्स गुडीव्ह या कॅनडात जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने त्याला 'डिगॉसिंग' हे नाव दिलं, जर्मन गणिती गाउसच्या नावावरून. जर्मन सुरुंगावरच्या उताऱ्याला जर्मन माणसाचं नाव, हा विनोद मुद्दाम केलेला होता असं मला नेहमी वाटतं. या कॉइली तीन प्रकारच्या. एक आडवी, पाणरेषेच्या पातळीत नौकेला कमरपट्ट्यासारखी. ती खाली-वरच्या चुंबकत्वाला उलट क्षेत्र देते. दुसरी नौकेच्या लांबीशी काटकोन करणाऱ्या वेढ्यांची, म्हणजे सरळसरळ आपलं नालकुंतल, आणि तिच्या आत सगळी नौका. तिसरी डाव्या-उजव्या बाजूंसाठी. नौका वळली की पृथ्वीच्या क्षेत्राशी तिचा कोन बदलतो, म्हणून प्रवाहही बदलत राहावा लागतो. आणि एवढं करूनही पोलादात मुरलेलं चुंबकत्व राहतंच. ते काढायला नौकेला बाहेरून जाड केबल गुंडाळतात आणि हजारो अँपिअरचे झटके उलटसुलट देत हळूहळू कमी करत नेतात. सबंध युद्धनौका एका राक्षसी नालकुंतलाचा गाभा होऊन पडलेली असते.

हे चित्र पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. गार्डन रीचला बांधलेली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये नौदलात दाखल झालेली 'कामोर्ता' १०९ मीटर लांब आहे, रुंदी तेरा-चौदा मीटर. भागाकार आठच्या आसपास. माझी पीव्हीसीची नळी, तीस भागिले चार, साडेसात. प्रमाण जवळपास तेच! टेबलावरच्या नळीचं गणित नीट जमलं तर नौकेभोवतीच्या कॉइलचं पहिलं माप त्याच कागदावर निघतं. समजा शंभर मीटरमध्ये पन्नास वेढे आणि दोन हजार अँपिअर. दर मीटरला एक हजार अँपिअर-वेढे झाले; म्हणजे सव्वा मिलिटेस्ला, पृथ्वीच्या क्षेत्राच्या पंचवीस-तीसपट.

पण नौका पोकळ पीव्हीसी नाही, पोलाद आहे, आणि इथे आणखी एक सापळा आहे. लोखंडाची चुंबकपार्यता हजाराच्या घरात असते, म्हणून नळीत लोखंडी गज घातला की क्षेत्र हजारपट होणार, असं अनेकजण धरून चालतात. होत नाही. गजाच्या दोन टोकांवर ध्रुव उभे राहतात आणि ते गजाच्या आतल्या चुंबकत्वालाच मागे ढकलतात. व्यासाच्या आठपट लांब गजाला ही मागे ढकलणारी ताकद एवढी असते की वाढ पन्नासपटीच्या आतच अडते, मग लोखंड कितीही उंची असो. पुन्हा तोंडच. या पुस्तकातलं गाभ्याचं प्रकरण सगळ्यांत लांब झालं आहे ते याच कारणाने, आणि त्यात कापाकापी करायला मी तयार झालो नाही.

मराठी वाचकाला एक उदाहरण घरचंही हवं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत होती. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं की आता इथल्या सुया खऱ्या राहणार नाहीत. १९०४ मध्ये अलिबागला, चुंबकत्व नसलेल्या दगडाच्या इमारतीत, नवी वेधशाळा उभी राहिली. दोन वर्षं दोन्ही ठिकाणी जोडीने मोजमाप घेऊन मगच कुलाब्याचं काम थांबवलं. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. कोलकात्यात ती २७ मार्च १९०२ रोजीच एस्प्लनेडहून गार्डन रीचच्या शेजारच्या खिदिरपूरला पोचली होती. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेने जातो आणि रुळांतून, जमिनीतून पसरत परततो. जाण्याची आणि येण्याची वाट जवळजवळ असती तर दोन्हींची क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकती. नालकुंतलाचं क्षेत्र अंतराच्या घनाने विरतं, एकट्या तारेचं नुसत्या अंतराने. वेढे बंद असणं आणि नसणं, यातला फरक म्हणजे मूस यांनी समुद्र ओलांडून वेधशाळा हलवणं. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडक्यात. पहिल्या प्रकरणात एकच गोल वेढा आहे. त्याच्या अक्षावरचं सूत्र आलं की बाकीचं सगळं वेढ्यांची बेरीज असते. दुसऱ्यात मर्यादित लांबीची नळी, तिसऱ्यात अनेक थर, चौथ्यात लोखंड, पाचव्यात अक्ष सोडून बाजूला गेल्यावर काय होतं ते. पाचवं प्रकरण अवघड आहे. तिथे साध्या बीजगणिताने भागत नाही, लंबवृत्तीय संकल लागतात. ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी नळीच्या दोन तोंडांना दोन चुंबकीय चकत्या समजून हिशोब करायची जुनी युक्ती दिली आहे. कुशीचे ते १३ मायक्रोटेस्ला मी तिनेच काढले. संगणकावर हे सगळं क्षणात होतं, मान्य. पण संगणकाने दिलेला आकडा दहापट चुकला आहे हे ओळखायला हाताने काढलेला एक आकडा जवळ असावा लागतो.

वाचकाने पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी एक करून पाहावं. वर सांगितलेली नळी गुंडाळा. टेबलावर साधं होकायंत्र ठेवा, जवळ कात्री-पक्कड काही नको, टेबलाला लोखंडी पाय नकोत. सुई स्थिर होऊ द्या. मग नळी पूर्व-पश्चिम ठेवून तिचं तोंड होकायंत्राच्या मध्यापासून बरोबर दहा सेंटिमीटरवर आणा आणि दोन अँपिअर सोडा. आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग अडतीस मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, नळीचे तेवीस. स्पर्शकाच्या नियमाने सुई सुमारे एकतीस अंश वळायला हवी. प्रवाह उलटा करा, तेवढीच दुसऱ्या बाजूला. दोन्ही वाचनांची सरासरी वहीत लिहून ठेवा, तारीख घाला, आणि मगच पान उलटा.